मांडवाला आग लागली होती का?

'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.' ही म्हण आपण लहानपणापासून हसत ऐकत आलो. नाऱ्या म्हणजे वेळकाळ न कळणारा, तोंडाला येईल ते बोलणारा माणूस. लग्नघर आहे, सनई चालू आहे, आणि याला आग सुचते! पण म्हणीतला एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. आग खरोखर लागली होती का? लागली असेल, तर त्या मांडवात भानावर असलेला माणूस तो एकटाच होता. आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण हसतोय ते त्यालाच.

आमच्या घराण्यातला नाऱ्या म्हणजे माझा मामा. वीसेक वर्षांपूर्वी मावसबहिणीचं लग्न होतं. तालुक्याचं गाव, मे महिना, दुपारचा मुहूर्त. मामा जन्मभर वायरमन म्हणून राबलेला, त्यामुळे लग्नात सगळे जिलेबीचा वास घेत असताना याला मांडवामागच्या बोर्डाकडून जळकट वास आला. त्याने मांडववाल्याला सांगितलं, तो म्हणाला, 'बघतो.' नवरीच्या काकांना सांगितलं, ते म्हणाले, 'भावजी, मुहूर्ताला पाच मिनिटं राहिलीत, आता नको ते काढू नका.' मामाने मग कुणालाच न विचारता मेन स्विच खाली ओढला. मंगलाष्टकांचा माईक मध्येच बंद पडला, पंखे थांबले, भटजी अवाक झाले. जोडाजवळची वायर वितळून काळी झाली होती. मामाने ती तोडली, नव्याने जोडली, टेप गुंडाळली. मुहूर्त आठ मिनिटांनी टळला. आजही त्या नवरा-बायकोचं भांडण झालं की कुणीतरी म्हणतंच, 'मामाने मुहूर्त चुकवला ना, मग असंच होणार.' मामाने मांडव वाचवला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. कसं म्हणणार? मांडव जळलाच नाही.

ऐकलेल्या सूचनेचा पुरावा मागे उरत नाही. न ऐकलेल्या सूचनेचा मात्र पंचनामा होतो. आपल्या सार्वजनिक आयुष्यातला एक मोठा घोळ इथे आहे, असं माझं मत आहे. आपल्याकडे सूचना मिळत नाही अशी तक्रार मला मान्य नाही. सूचना भरपूर मिळतात. सूचना देणारा माणूस आपल्याला अशुभ वाटतो, आणि त्याचं ऐकून घेण्याची ठरलेली जागा आपण कुठेच ठेवलेली नाही.

यावर कुणी म्हणेल, की आपल्याइतका खुणांकडे लक्ष देणारा समाज दुसरा कुठला? मांजर आडवं गेलं की आपण थांबतो. पाल चुकचुकली की 'कृष्ण कृष्ण' म्हणतो. टिटवी ओरडली, डोळा लवला, निघताना कुणी शिंकलं, सगळ्याची नोंद घेतो. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाण्याचं भाकीत राज्यभरच्या बातम्यांत झळकतं. खुणा वाचायची हौस आपल्याला दांडगी आहे. पण शकुन आणि सूचना यांत फरक आहे, आणि तो विज्ञान-अंधश्रद्धेच्या नेहमीच्या भांडणाहून वेगळा आहे. शकुन आपल्याकडून फारसं काही मागत नाही. मांजर आडवं गेलं तर सात पावलं मागं यायचं, क्षणभर थांबायचं, झालं. सूचना मात्र काम मागते. पैसा मागते, कुणाशी तरी वाईटपणा मागते, ठरलेला कार्यक्रम पुढे ढकलायला लावते. स्वस्तातल्या खुणांवर आपण लक्ष उधळतो आणि महागड्या खुणेपाशी आलो की 'शुभ बोल' म्हणतो.

लग्नात तर प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' असा शब्द मोठ्याने उच्चारतात, आणि त्या शब्दावर आपण अक्षता टाकतो. जांबच्या नारायणाने तो शब्द ऐकला आणि बोहल्यावरून पळ काढला, तोच पुढे समर्थ रामदास झाला, ही कथा महाराष्ट्रातल्या पोराबाळांना ठाऊक आहे. कथा ऐतिहासिक आहे की नाही ते सोडा. मांडवभर माणसांत शब्दाचा अर्थ एकालाच ऐकू गेला, हे मला त्यात खरं वाटतं. (म्हणीतला तो नाऱ्या आणि हा नारायण, नावाचा हा योगायोग मला फार आवडतो.)

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदला दिवस, सकाळी साडेदहाची वेळ. मुंबईत परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर, पावसाने अडलेल्या आणि मागून येत राहिलेल्या गर्दीत २३ माणसं गेली. तो पूल धोक्याचा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं? गिरण्या जाऊन तिथे ऑफिसांचे टॉवर उभे राहिले, रोज उतरणारी माणसं कितीतरी पटींनी वाढली आणि जिना तेवढाच राहिला. प्रवासी वर्षानुवर्षं लिहीत होते, खासदारांनी रेल्वेला पत्रं पाठवली होती. मग ती माणसं मेल्यावर लष्कराला बोलावलं, आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, नवा पूल उभा राहिला. महाडजवळचा सावित्रीचा पूलही तसाच. १९२८ चा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्यांतली चाळीसेक माणसं नदीने नेली. त्याच मे महिन्यात त्याची पाहणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरला होता. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला. तेव्हा आपल्याला काम जमत नाही असं म्हणायची सोय नाही. काम जमतं, झटपट जमतं, फक्त त्याआधी तेरावं व्हावं लागतं.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. धरण गळतंय हे वाडीतल्या माणसांनी आधी सांगितलं होतं, तक्रारी केल्या होत्या. मातीच्या धरणाला गळती हे कुठल्याही शेतकऱ्याला कळणारं लक्षण आहे. बांधाला उंदराने बीळ केलं तर तो रात्री कंदील घेऊन बसतो. फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. राज्यभर त्यांची थट्टा झाली, पण माझा प्रश्न वेगळा आहे. समजा, खेकड्यांनीच पोखरलं. मग खेकडे काय एका रात्रीत आले होते? बिळं दिसत नव्हती? गळतीची तक्रार आली तेव्हा ती कोणी वाचली, वाचून काय ठरवलं आणि का ठरवलं, हे एका कागदावर त्या माणसाच्या नावासह लिहिलेलं असतं, तर खेकड्यांपर्यंत जायची वेळच आली नसती.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. सगळ्या सूचना खऱ्या ठरत नाहीत. हवामान खातं लाल इशारा देतं, शाळांना सुट्टी जाहीर होते आणि दिवसभर लख्ख ऊन पडतं. मग मोबाईलवर विनोदांचा पाऊस. कोयनेच्या खोऱ्यात साठ वर्षं जमीन हलतेय. पालघर-डहाणूकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, माणसं थंडीत बाहेर झोपली, आणि सुदैवाने मोठा भूकंप झाला नाही. उलट किल्लारीत १९९२ सालीही असेच धक्के बसले होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे चार वाजायच्या सुमाराला, हजारो माणसं झोपेत गाडली गेली. दोन्हीकडे सुरुवात सारखी होती, शेवट वेगळा. आज कुठलाही शास्त्रज्ञ असे धक्के पाहून पुढे काय होणार हे छातीठोक सांगू शकत नाही. मग गावाने करायचं काय? वर्षभर मंडपात राहायचं?

इथे भाकीत आणि इशारा यांची आपण गल्लत करतो. भूकंप कधी होईल हे किल्लारीत कुणाला कळणं शक्य नव्हतं. पण दगड-मातीच्या जाडजूड भिंती, त्यांना सांधणारी नुसती माती आणि डोक्यावर मातीचं जड धाबं, अशा घरात हादरा बसला तर काय होईल हे कळायला भाकीत लागत नाही. वर्षभराचे धक्के त्या घरांबद्दल सांगत होते. इर्शाळवाडीचंही तसंच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली तेव्हा सरकारने सांगितलं, की दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. खरं असेल. पण यादी हे भाकीत झालं. इशारा जमिनीवर असतो. घराच्या वर डोंगराला भेग पडते, झाडं आणि विजेचे खांब कलतात, बरा चालणारा दरवाजा चौकटीत अडकू लागतो, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, नसलेल्या जागी पाणी फुटतं. हे वाचायला वाडीतली म्हातारी पुरते. अट एकच, तिने ते कुणाला सांगायचं हे ठरलेलं हवं, आणि सांगितल्यावर 'आजी, तुमचं आपलं काहीतरीच' असं उत्तर येता कामा नये. माळीणला ३० जुलै २०१४ ला आख्खं गाव गाडलं गेलं, तर बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या वळणावर आला, आणि गाव जागेवर नव्हतं. १५१ माणसं गेली. त्या डोंगरातून बातमी खाली यायला एसटीच्या फेरीशिवाय दुसरी वाटच नव्हती.

आणि लाल इशारा देऊन ऊन पडलं तर? पडू दे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईकरांना कुणी धड सावध केलं नव्हतं, तेव्हा आपण खात्याला शिव्या घातल्या. आता सावध करतं तर विनोद करतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना खोटं न बोलण्यासाठी सांगतो, पण तिच्या शेवटी मेंढ्या खातो तो लांडगाच, आणि गावाने तिसऱ्यांदा टेकडी चढायचा कंटाळा केलेला असतो. पोरगं खोटारडं निघालं तर राखणीला दुसरं पोरगं ठेवायचं, राखण बंद करायची नाही.

आता श्रद्धेकडे येते, कारण तिथे हे सगळं जास्त अवघड होतं. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणून घरातून निघालेल्या माणसाला 'पुढे गर्दी आहे, थांबा' असं सांगणं म्हणजे त्याच्या आणि देवाच्या मध्ये उभं राहणं. नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ ला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्यानंतर जेमतेम १७ महिन्यांनी, २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर जवळपास तीनशे. काळूबाईला जाणाऱ्या वाटेवर नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, दोन्ही बाजूंना दुकानं दाटलेली, माणसं पडली, मग दुकानांना आग लागली आणि सिलिंडर फुटले. नारळाचा हा तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. एका नारळाचं पाणी ते किती! भाविक म्हणतो, माझ्या एकट्याच्या नारळाने काय होणार, आणि त्याचं बरोबर असतं. लाखाच्या यात्रेत मात्र तेच पाणी पायऱ्यांवरून ओघळ धरून वाहतं. ते त्या दिवशी पहाटेपासून सगळ्यांना दिसत होतं. ते पुण्याचं पाणी होतं, त्याला धोका कोण म्हणणार?

चेंगराचेंगरी हा आपला शब्दही फसवा आहे. त्यातून वाटतं की माणसं पिसाळली, एकमेकांना तुडवत सुटली. बहुतेक वेळा तसं नसतं. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाहून जास्त माणसं दाटली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. कुणी ढकलत नसतानाही लाटा येतात, पाय जमिनीवरून सुटतात, छातीला फुगायला जागा उरत नाही. माणसं उभ्या-उभ्या श्वास कोंडून जातात. मागच्याला पुढचं दिसत नाही. तो 'माऊली, चला पुढं' म्हणत भक्तिभावाने अर्धं पाऊल टाकतो, आणि त्या अर्ध्या पावलांची बेरीज पुढच्या वळणावर होते. म्हणजे ज्यांना धोका कळलाय ते पुढे, आणि तो थांबवणं ज्यांच्या हातात आहे ते मागे. पुढून मागे निरोप जाणं, एवढाच खरा प्रश्न असतो. गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे हेच झालं, उतारावर माणसं एकमेकांवर कोसळली आणि निदान सहाजण गेले. त्याच वर्षी २९ जानेवारीला प्रयागराजच्या संगमावर मौनी अमावास्येला सरकारी आकड्यानुसार ३०. प्रत्येक वेळी सुरुवातीची बातमी एकच, 'अफवा पसरली'. अफवा पसरू शकते, तर त्याच गर्दीतून सूचना का पसरू शकत नाही?

खारघरचं उदाहरण थोडं निराळं आहे. १६ एप्रिल २०२३ ला आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याच्या सोहळ्याला त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, उघड्या मैदानात भर उन्हात बसले होते. तिथे धक्काबुक्की नव्हती, बेशिस्त नव्हती. शिस्त होती, आणि १४ माणसं उष्माघाताने गेली. डोकं गरगरतंय, तोंड कोरडं पडलंय, घाम थांबलाय ही लक्षणं तिथे अनेकांना जाणवली असणार. पण गुरूंचा सोहळा चालू असताना उठून जायचं कसं? त्यांच्या निष्ठेला मी नावं ठेवणार नाही, एवढी शिस्त मला माझ्या सोसायटीच्या सभेत दिसत नाही. ज्यांनी एप्रिलातली दुपारची वेळ ठरवली, ज्यांच्यासाठी मंचावर छप्पर होतं, त्यांच्यात एकही नाऱ्या नव्हता, किंवा असला तर त्याला गप्प केलं गेलं, हे मला जास्त खुपतं.

श्रद्धा म्हटली की सावधपणा गेलाच, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला आपल्याच मातीत सज्जड उत्तर आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वर माऊलींची पालखी ज्यांनी एकदा तरी तळावर पाहिली आहे, त्यांना समाजआरती ठाऊक असेल. १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, तिचा हा भाग. दिवसभर चालून दिंड्या संध्याकाळी तळावर पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो, आणि तो गजर एका क्षणात थांबतो. सगळ्यांचा थांबतो, एका दिंडीचा सोडून. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातो, गाऱ्हाणं ऐकतो, त्याचं काहीतरी ठरतं, मग ते टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारली जातात, उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगितलं जातं. आणि मग आरती.

या क्रमाकडे जरा बघा. आधी गाऱ्हाणं, मग आरती. लाखो माणसांच्या सोहळ्यात तक्रार असलेल्याने ओरडायचं नाही, भांडायचं नाही, फक्त आपले टाळ थांबवायचे नाहीत. आणि बाकीच्या सगळ्यांनी गप्प राहायचं, म्हणजे त्याचा आवाज वेगळा ऐकू येईल. तक्रार करणारा तिथे अशुभ नसतो, त्याची जागा विधीतच ठरलेली आहे. ही रीत मंत्रालयातून आली नाही, कुठल्या परदेशी व्यवस्थापनाच्या वर्गातून तर नाहीच. मला वाटतं, आपल्या ग्रामपंचायतींना, देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि महापालिकांना उधार घ्यायची झालीच, तर रीत इथून घ्यावी.

आपण तिच्या उलट काय करतो? फलक लावतो. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ च्या रविवारी कोसळला आणि चार माणसं गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नवा पूल मंजूरही झालेला होता. पर्यटक फलकाखालून गेले, काही तर दुचाकीसकट गेले, म्हणून आपण पर्यटकांना शिव्या दिल्या. त्यांनी खाव्यातच, पावसाळ्यातल्या रविवारी आपल्याला बुद्धी गहाण ठेवायची सवय आहे. पण जो पूल जाण्यालायक नाही त्यावर जाता येतंच कसं? दोन्ही टोकांना चार फूट भिंत बांधायला कितीशी विटा-वाळू लागते? फलक माणसाला वाचवण्यासाठी लावलाय की उद्या चौकशीत स्वतःला वाचवण्यासाठी, हे ओळखायला सोपं आहे. पहिल्या प्रकारच्या फलकाशेजारी कुलूप असतं.

घरातही आपण असेच फलकवाले असतो. छातीत दाबल्यासारखं झालं की 'गॅस झालाय' म्हणतो, ओवा चावतो, सोडा पितो. घाम फुटलाय, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येतेय, मधुमेह असलेल्या बाईला तर छातीत न दुखता नुसता दम लागतोय आणि मळमळतंय. घरातल्या सुनेला शंका येते, पण सासूबाईंना 'हार्टचं असेल' म्हणणं म्हणजे अशुभ बोलणं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बहुतेकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. त्या पापण्यांकडे बघून १०८ ला फोन करायचा की आधी देवळात अंगारा लावायचा, यावर जीव ठरतो. अंगारा लावू नका असं मी म्हणत नाही. ॲम्ब्युलन्समध्ये लावा.

महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिंमतराव बावस्कर सरकारी नोकरीत होते तेव्हा कोकणात विंचवाने माणसं, विशेषतः लहान मुलं, मरत. मंत्र घालणारे होते, नशिबाला बोल लावणारे होते. बावस्कर रात्र-रात्र त्या रुग्णांजवळ बसले आणि दिसेल ते लिहीत गेले. भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार, नाडी, मग फुप्फुसात पाणी. त्या नोंदींमधून रस्ता निघाला, पुढे प्राझोसिनसारखं स्वस्त औषध वापरात आलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. कोकणातल्या प्रत्येक गावाने ती लक्षणं शेकडो वर्षं पाहिली होती. बावस्करांनी ती पाहिली आणि वहीत उतरवली.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. गळतीची, भेगेची, अरुंद जिन्याची तक्रार आली की ती कुणी पाहिली, काय ठरवलं, पुन्हा कधी पाहणार, हे त्या माणसाच्या नावासह लिहून गावच्या चावडीवर लागावं. 'काही करायची गरज नाही' असंही उत्तर चालेल, पण खाली सही हवी. सही करताना माणूस एकदा तरी जागेवर जाऊन येतो, हा माझा अनुभव आहे. आणि जत्रा-यात्रेत एकाच माणसाच्या हाती थांबवायचा अधिकार असावा. त्याचं नाव आधी जाहीर असावं, पुढच्या वळणावर काय चाललंय हे त्याला दिसत असावं, आणि त्याने विनाकारण थांबवलं असं नंतर ठरलं तरी त्याची बदली होऊ नये. ही शेवटची अट सगळ्यात अवघड आहे. न थांबवल्याबद्दल आपण दुर्घटनेनंतर अधिकारी निलंबित करतो, पण थांबवल्याबद्दल त्यांना रोजच ऐकून घ्यावं लागतं: मंत्र्यांचं, मानकऱ्यांचं, आणि रांगेत सहा तास उभ्या राहिलेल्या तुमचं-माझं.

नाशिकचा पुढचा सिंहस्थ आता दारात आहे. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पावसाळ्यात, गोदेच्या काठी. २०१५ चा सिंहस्थ २००३ सारख्या दुर्घटनेविना पार पडला, म्हणजे ते जमू शकतं. घाट बांधले जातील, रस्ते रुंद होतील, कॅमेरे लागतील, त्यांचे आकडे आपल्याला कोटींत ऐकवले जातील. मला त्यात रस कमी आहे. रामकुंडाकडे जाणाऱ्या एखाद्या गल्लीत पहाटे साडेतीनला एखादा हवालदार म्हणेल, 'साहेब, इथं लाट येतेय, मागून बंद करा.' त्या वेळी मुहूर्त ऐन भरात असेल, एखाद्या आखाड्याची मिरवणूक निघालेली असेल, वायरलेसवर दहा माणसं एकदम बोलत असतील. दंड वर करून बाकीचे नऊ आवाज गप्प करणारा चोपदार तिथे कोण असेल, आणि थांबवल्यामुळे काही हजार माणसांचा मुहूर्त टळला तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहील?

मुहूर्त टळला तर काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या माहितीत आहे. आठ मिनिटं टळला होता. जोडपं अजून भांडतं, आणि अजून एकत्र आहे. मामा मात्र आता कुठल्याही लग्नात गेला की आधी मांडवाच्या मागे जाऊन बोर्ड बघतो, आणि पोरं मागून ओरडतात, 'मामा, शुभ बोला!'